समुद्राखाली उतरायचे, पण कुठे आणि कोणी?

डिसेंबर उजाडला की आमच्या दवाखान्यात दोन प्रकारची माणसे वाढतात. एक सर्दी-पडशाची आणि दुसरी सहलीला निघालेली. पूर्वी सहलीवाले फार तर उलटीची गोळी लिहून घ्यायला येत. आता ते विचारतात, "डॉक्टर, स्कूबा केलं तर चालेल ना?"

गेल्या हिवाळ्यात राहुरी तालुक्यातले एक गुरुजी असेच सहकुटुंब आले. बरोबर त्यांच्या सौभाग्यवती, अकरावीतला मुलगा आणि चौदा वर्षांची मुलगी. गुरुजींच्या हातात वहीचे एक पान होते. त्यावर चार रकाने आखलेले. मालवण, गोवा, मुरुडेश्वर, अंदमान. प्रत्येकाखाली भाडे, जेवणखाण आणि पाण्याखाली नेण्याचे दर. "खर्चाचा हिशेब झाला. आता तब्येतीच्या हिशेबाने कुठलं बरं, ते तुम्ही सांगा," असे म्हणून त्यांनी पान माझ्यापुढे ठेवले.

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर. प्रवास कंपनीचा एजंट नव्हे. पण प्रश्न अगदी योग्य माणसाला विचारला गेला होता, कारण पाण्याखाली जाणाऱ्याचे पहिले भांडण होते ते कानाशी. आणि ते भांडण मी स्वतः एकदा हरलेलो आहे.

आपल्याकडची पोरे विहिरीत पोहायला शिकतात. कमरेला वाळलेला भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून काठावरून ढकलून दिले की पोहणे आलेच. पुढे मग तळाचा दगड आणायची पैज लागते. ज्यांनी ती लावली असेल त्यांना आठवत असेल, दीड-दोन परस खाली गेले की कानात सुया टोचल्यासारखे होते. पाणी तेच, विहीर तीच, मग कान का दुखतो? कानाच्या पडद्यामागे वाटाण्याएवढी हवेची पोकळी असते. बाहेरचे पाणी पडद्याला आत ढकलते आणि आतली हवा आकसते. या पोकळीला नाकाच्या मागच्या बाजूला उघडणारी एक बारीक नळी आहे. तिला युस्टेशियन नळी म्हणतात. तिच्यातून नवी हवा आत शिरली तर पडदा जागेवर येतो. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच फुंकर मारायची, की कानात 'पुक्' असा आवाज होतो. सतराव्या-अठराव्या शतकातल्या वाल्साल्व्हा नावाच्या इटालियन वैद्याचे नाव या युक्तीला आहे. विमानात बसणाऱ्यांना ती माहीत असते.

समुद्रात दर दहा मीटरला हवेच्या एका वातावरणाइतका दाब वाढतो. जमिनीवर एक लिटर असलेली हवा दहा मीटर खाली अर्धा लिटर होते आणि वीस मीटरवर एक तृतीयांश. म्हणजे सर्वांत मोठा बदल पहिल्या दहा मीटरांतच होतो. "आम्ही फार खोल नेत नाही, घाबरू नका," असे दुकानदार सांगतो ते खरे असते, पण कानाच्या दृष्टीने उथळ पाणीच जास्त कष्टाचे.

माझी गोष्ट अशी. काही वर्षांपूर्वी कोकणात सहलीला गेलो होतो. नाक चोंदलेले होते. सकाळी नाकात थेंब टाकले आणि नावेत बसलो. तिथे एक छापील कागद भरायला दिला. दमा आहे का, फिट येते का, कानाचे ऑपरेशन झाले आहे का, सध्या सर्दी आहे का. मी सगळीकडे 'नाही'वर खुणा करून मोकळा झालो. दुसऱ्या कुणी असा कागद माझ्यापुढे भरला असता तर मी त्याला चांगला झापला असता. खाली उतरलो. तीन मीटरवर डावा कान दुखू लागला. फुंकर मारली, उघडेना. अशा वेळी हात हलवून खूण करायची आणि मीटरभर वर यायचे, एवढेच करायचे असते. पण शेजारी बायको मजेत मासे बघत होती. डॉक्टरनेच माघार घ्यायची म्हणजे काय? आणखी थोडा खाली गेलो. 'टक्' असा आवाज झाला, दुखणे एकदम थांबले आणि कानात गार पाणी शिरल्याबरोबर सगळा समुद्र माझ्याभोवती गरगर फिरू लागला. पडदा फाटला होता. शिकवणाऱ्या मुलाने प्रसंग ओळखून मला घट्ट धरले आणि सावकाश वर आणले म्हणून निभावले. पडदा दीड महिन्यात आपोआप सांधला. त्या काळात रुग्ण डाव्या बाजूने बोलला की मी मान वळवून उजवा कान पुढे करायचो.

म्हणून गुरुजींच्या पानावरचे रकाने बाजूला ठेवले आणि आधी चौघांना एकेक करून खुर्चीत बसवले. जागा नंतर ठरवायची. आधी माणूस.

मुलगा ठणठणीत. गुरुजींचे वय पन्नाशीच्या आसपास, रक्तदाबाची गोळी चालू, दाब ताब्यात. त्यांना मी हृदयाची तपासणी करून घ्यायला सांगितले. माणूस पाण्यात उतरला की पायातले रक्त छातीकडे सरकते आणि हृदयावरचा भार वाढतो. शिवाय मिळमिळीत का होईना, लाटेविरुद्ध पाय मारावे लागतात. पंचेचाळिशीनंतर, विशेषतः दाब, साखर किंवा विडी-सिगारेट असेल तर ही तपासणी केल्याशिवाय जाऊ नये. अॅटॅक येऊन गेलेल्यांनी, अँजिओप्लास्टी झालेल्यांनी आपल्या हृदयाच्या डॉक्टरला लेखी विचारावे. वहिनींना सर्दी होती आणि पडदे आत ओढले गेलेले दिसत होते. "सर्दी जाईपर्यंत नाही," असे सांगितले. नाकात थेंब टाकून उतरण्यात आणखी एक धोका आहे. थेंबांचा असर खालीच उतरला तर वर येताना नळी बंद होते आणि आतली फुगणारी हवा कोंडते. तेव्हा कान दुखला तरी वर येणे भागच असते.

मुलीकडे आलो. तिला लहानपणापासून दमा. पंप चालू होता, तरी पळाली किंवा थंड हवा लागली की छातीत शिट्टी वाजे. मी तिची छाती तपासली आणि स्पष्ट सांगितले, "हिने खाली जायचं नाही."

पोरीचा चेहरा पडला. गुरुजी म्हणाले, "डॉक्टर, पाणी तर कोमट असतं म्हणतात. आणि नेणारा माणूस धरून नेतो." त्यांना कारण समजावून सांगितले. पाठीवरच्या नळकांड्यात साधी हवाच असते, पण दाबून भरलेली आणि अगदी कोरडी. दम्याच्या माणसाला कोरडी हवा सोसत नाही. त्याहून महत्त्वाचे, खाली घेतलेला श्वास वर येताना फुगतो. निरोगी माणूस तो सहज सोडतो. पण ज्याच्या श्वासनळ्या आक्रसल्या आहेत त्याच्या फुप्फुसाच्या एखाद्या कोपऱ्यात ही हवा अडकते. जायला वाट नाही म्हणून फुप्फुस फाडते आणि बुडबुडे रक्तातून थेट मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. याला फार खोली लागत नाही. दीड मीटरवरून श्वास रोखून वर आलेल्या निरोगी माणसालाही हे झाल्याची उदाहरणे आहेत. म्हणून पाण्याखालचा पहिला नियम, श्वास कधीही रोखू नका. विहिरीत आपण नेमके उलटे शिकलेलो असतो! ज्यांचे फुप्फुस पूर्वी आपोआप फाटले आहे, ज्यांना फिट येते, ज्यांच्या कानाच्या पडद्याला भोक आहे, ज्या बायका गरोदर आहेत, त्यांनीही काठावर बसून शहाळे प्यावे. सर्वच दमेकऱ्यांना बंदी नाही. दमा पूर्ण आटोक्यात असेल आणि फुंकण्याची चाचणी चांगली असेल तर तज्ज्ञ विचार करतात. या मुलीचा तसा नव्हता.

"पण पाण्यावर तरंगून बघायला काय हरकत आहे?" मी तिला म्हणालो. काचेचा मुखवटा आणि तोंडात वाकडी नळी घेऊन पृष्ठभागावरून खाली बघायचे, त्याला स्नॉर्कल म्हणतात. जाकीट अंगात घालायचे, सोबत माणूस ठेवायचा, पंप नावेतल्या माणसाजवळ द्यायचा. ती काही बोलली नाही.

आता जागेकडे वळू.

मालवण-तारकर्ली हे आपल्याला सर्वांत जवळचे. नगरहून सुमारे पाचशे किलोमीटर. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये ज्या सिंधुदुर्ग किल्ल्याचे काम सुरू केले त्याच्याच आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहे. १९८७ मध्ये हा भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. पाणी उथळ. नवख्याला साधारण पाच ते आठ मीटर नेतात, पंधरा-वीस मिनिटे ठेवतात. तारकर्लीला पर्यटन महामंडळाने २०१५ मध्ये स्कूबाचे रीतसर शिक्षण देणारी संस्थाही उभी केली. मालवणचा दोष एकच, पाणी नेहमी नितळ नसते. पावसाळ्यात तर सगळे बंदच असते. मे महिन्यात गर्दी आणि खवळत चाललेला समुद्र. दिवाळीच्या सुट्टीत नद्यांचा गाळ पुरता बसलेला नसतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हा त्यातल्या त्यात चांगला काळ.

गोव्यात ग्रँड आयलंडपाशी नेतात. तिथे बुडालेल्या जहाजाचे अवशेष आहेत, पण पाणी बहुधा गढूळच. शिवाय गोव्याच्या सहलीत आदल्या रात्रीची 'बैठक' सकाळी नावेत बसलेली असते. दारू शरीरातले पाणी कमी करते आणि डोक्यातली अक्कलही. मी गोव्याच्या रकान्यावर फुली मारली, यात गोव्याचा काही दोष नाही. मुरुडेश्वरजवळचे नेत्राणी बेट पाण्याच्या दृष्टीने मालवणपेक्षा सरस, मासे भरपूर. पण किनाऱ्यापासून जवळजवळ वीस किलोमीटर आत. ज्यांना बस लागते त्यांना नाव शंभर टक्के लागते, आणि उलट्या करून दमलेला माणूस पाण्याखाली नेणे बरे नव्हे. लक्षद्वीपची उथळ, हिरवीनिळी खाजणे नवशिक्यांसाठी सुंदर. तिथे जायला मात्र आधी परवाना काढावा लागतो.

अंदमान सर्वांत चांगले. ज्या बेटाला आपण हॅवलॉक म्हणत होतो आणि २०१८ पासून स्वराज द्वीप म्हणतो, तिथले पाणी स्वच्छ, वर्षभर उबदार आणि शिकवणारे मुरलेले. चार दिवस घालवून हा विद्याभ्यास रीतसर करायचा असेल तर मी अंदमानच सांगेन. अर्ध्या तासाच्या हौसेसाठी तेवढा खर्च करू नये. कोमट पाण्याची एक गंमत लक्षात ठेवावी. सत्तावीस-अठ्ठावीस अंशांचे पाणी हाताला ऊबदार लागते, पण पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेते. अर्ध्या तासाने हुडहुडी भरली तर नवल नाही. बारीक अंगाच्या मुलांना अंगभर रबरी पोशाख मागून घ्यावा.

कुठल्याही किनाऱ्यावर गेलात तरी दुकान मात्र आपणच पारखायचे. कागद भरून घेत नाहीत, 'कानाचं काही सांगू नका, सगळे जातात' म्हणतात, तिथून उठावे. एका शिकवणाऱ्यामागे एकच नवखा असावा. नावेवर ऑक्सिजनचे नळकांडे आहे का, ते विचारावे. तोंडातल्या नळीच्या हवेला तेलाचा किंवा धुराचा वास आला तर उतरू नये. हवा भरणाऱ्या यंत्राजवळ इंजिनाचा धूर आत गेलेला असतो. खुणा आधी पाठ कराव्यात. आपण 'छान' म्हणून अंगठा वर करतो. पाण्याखाली त्याचा अर्थ 'मला वर न्या' असा होतो. ठीक असल्याची खूण म्हणजे अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेले वर्तुळ. आणि सर्वांत महत्त्वाचे नावेचे. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबा करून परतणारी नाव किनाऱ्याजवळ उलटून दोन पर्यटक दगावले. पाण्याखाली काही झाले नव्हते, घात झाला तो पाण्यावर. जाकीट नावेत पाय ठेवताना घालायचे आणि वाळूवर पाय ठेवल्यावर काढायचे. नाव भरलेली दिसली तर पुढच्या फेरीची वाट बघावी.

राहिला परतीचा प्रश्न. याचा विचार आपल्याकडे कोणीच करत नाही आणि घाटावरच्या माणसाने तो सर्वांत जास्त करायला हवा.

दाबाखाली श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन रक्तात आणि चरबीत जास्त विरघळतो. दाब झटकन कमी झाला तर, सोड्याच्या बाटलीचे बूच उघडल्यावर येतात तसे बुडबुडे अंगात येतात. सांधे दुखतात, कधी पाय लुळे पडतात. अमेरिकेतल्या ब्रुकलिन पुलाचा पाया दाबाच्या हवेत खणताना मजुरांना हा आजार झाला आणि १८७२ मध्ये मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग यालाही. तो कायमचा अधू झाला आणि त्याच्या पत्नीने, एमिलीने, पुढे होऊन काम तडीस नेण्यात मोठा वाटा उचलला. सावकाश वर येण्याची पहिली शास्त्रीय कोष्टके १९०८ मध्ये हाल्डेन या शास्त्रज्ञाने बसवली. त्याने प्रयोग केले ते शेळ्यांवर. शेळीने पाय लंगडत उचलला की कोष्टक चुकले! या आजारावर उपाय म्हणजे रुग्णाला पुन्हा दाबाच्या कोठडीत ठेवणे. अशी कोठडी गावोगाव नसते. आपल्या जवळची म्हणजे मुंबईतल्या नौदलाच्या रुग्णालयाची.

विमानात हवेचा दाब कमी असतो, म्हणून एकदाच उतरला असाल तर बारा तास आणि रोज किंवा अनेकदा उतरला असाल तर अठरा तास विमानात बसू नये, असा नियम आहे. अंदमानला जाणाऱ्यांनी शेवटचा पूर्ण दिवस कोरडा ठेवावा. पण हा नियम विमानाचा नाही, उंचीचा आहे. सहाशे मीटरच्या पुढे तो लागू धरतात. आंबोली जवळजवळ सातशे मीटरवर आहे. आपले नगर साडेसहाशेच्या आसपास. म्हणजे मालवणला दुपारी पाण्यातून निघून संध्याकाळी घाट चढणारा माणूस, तिकीट न काढता, थोडाफार विमानातच बसतो. आठ मीटरवर वीस मिनिटे गेलेल्याला धोका फार कमी, हे खरे. पण दोन दिवस दोन-दोनदा उतरलेल्या पोराला तेच सांगता येणार नाही. घरी पोहोचल्यावर खांदा दुखला, मुंग्या आल्या, तर 'प्रवासाने अंग आंबलं' म्हणून झेंडू बाम चोळत बसू नका. डॉक्टरांना आधी सांगा की मी समुद्राखाली गेलो होतो.

तर गुरुजींचे ठरले ते असे. मालवण, पण नाताळच्या गर्दीत नाही, संक्रांत झाल्यावर. गुरुवारी रात्रीची गाडी, शुक्रवारी पूर्ण विश्रांती, कारण रात्रभर घाटात ओकलेला माणूस सकाळी पाण्यात घालू नये. शनिवारी सकाळी हलका नाश्ता करून समुद्र, सुरमईचे ताट त्यानंतर. रविवारी परत. वहिनींची सर्दी तोवर गेली, पडदे जागेवर आले. गुरुजींचा पट्टा नीट निघाला.

शनिवारी दुपारी एकला त्यांचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता. "डॉक्टर, झालं सगळं छान. आता वाटतं, जेवून लगेच निघावं. नगर लांब राहिलं, कोल्हापुरातच मुक्काम करू, सकाळी अंबाबाईचं दर्शन."

"गुरुजी, कोल्हापूर घाटाच्या कुठल्या बाजूला आहे?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "वरच्या. बरं, राहतो इथंच. उद्या सकाळी निघतो, दुपारी दर्शन घेतो."

मग फोन मुलीने घेतला. ती किल्ल्याच्या बाजूला वर तरंगत होती आणि तिच्या खाली तिचे वडील आणि भाऊ. मासे पाहिले का, असे मी विचारले. मासे पाहिलेच, म्हणाली, पोपटासारख्या तोंडाचे, निळे. पण तिला दुसरेच सांगायचे होते. "काका, बाबांच्या तोंडातून बुडबुडे निघायचे ना, ते खाली अगदी बोरांएवढे होते. वर येता येता मोठे व्हायचे. माझ्या पोटापाशी येईपर्यंत ताटलीएवढे. तुम्ही म्हणाला होता तसंच."